अनघडपणा आणि आत्मनिष्ठा : एका गृहीतकाचा प्रतिवाद

अमेरिकेतील छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रण-संस्थांतून पुढे आलेल्या ‘इमो’ रॉकविषयी साहित्याच्या अभ्यासकांत बोलणे निघाले, की सामान्यतः दोनच मते ऐकू येतात. पहिले मत असे, की हे पौगंडावस्थेतील रडगाणे होय. त्यात भावना आहे, परंतु भावनेचे कलेत रूपांतर झालेले नाही. दुसरे मत चाहत्यांचे : हे संगीत कच्चे आहे म्हणूनच खरे आहे, गाणाऱ्याने जे भोगले तेच तो गातो, आणि म्हणून ते काळजाला भिडते. ही मते परस्परविरोधी भासतात. वस्तुतः दोन्ही एकाच गृहीतकावर उभी आहेत. अनघडपणा म्हणजे रूपाचा अभाव, हे ते गृहीतक. एका पक्षाला त्या अभावाचा तिटकारा आहे, दुसऱ्याला त्याची भुरळ पडली आहे; अभाव खरोखरच आहे काय, हे मात्र कोणी तपासत नाही.

ते तपासण्यासाठी या प्रकाराच्या उगमाशी असलेली कृती घ्यावी. वॉशिंग्टन शहरातील ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या अल्पायुषी गटाची त्याच नावाची ध्वनिमुद्रिका १९८५ मध्ये ‘डिस्कॉर्ड’ या स्वतंत्र संस्थेने काढली. गटातील गायक गाय पिचोटो याने ‘इमो’ हे बिरुद स्वतःला कधीच लावून घेतले नाही, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हार्डकोर पंकचा वेग या गटाने कायम ठेवला. परंतु त्या संगीतातील बाहेरच्या जगावरचा राग त्याने आत, स्मृतीकडे आणि विरहाकडे वळवला. आवाज चिरकतो, शब्द धापेत बुडतात, गाणे आता कोसळेल असे वाटते. तरीही ते कोसळत नाही, कारण आवाज फाटतो तेव्हा खालचा ताल फाटत नाही. ढोल आणि बास गिटार यांनी धरलेल्या चौकटीमुळेच कंठाचे भंगणे ‘भंगणे’ म्हणून ऐकू येते. चौकट काढून घेतली, तर उरेल तो केवळ गोंगाट. गटाचे नाव स्त्राविन्स्कीच्या १९१३ मधील नृत्यनाट्याची आठवण करून देते. तेथेही श्रोत्यांना रांगडे वाटलेले स्वर अत्यंत काटेकोरपणे लिहिलेले होते.

हे समजून घेण्याची साधने मराठी समीक्षेजवळ नाहीत असे नाही. मर्ढेकरांनी लेखनपूर्व आणि लेखनगर्भ आत्मनिष्ठा असा भेद केला होता. लेखकाने आयुष्यात काय भोगले, याच्याशी असलेली निष्ठा वेगळी; लिहिताना जे घडत जाते, त्याच्याशी असलेली निष्ठा वेगळी. चाहते पहिलीची साक्ष काढतात, आक्षेपक तिलाच हसतात. दुसरीकडे दोघांचेही लक्ष जात नाही. श्रोत्याला गायकाचे चरित्र ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. त्याला ऐकू येते ती गाण्याच्या आत, गाताना पाळलेली निष्ठा : जेथे आवाज सावरता आला असता तेथे तो न सावरण्याचा निर्णय. हा निर्णय कलात्मक आहे.

शनिवार पेठेत राहणाऱ्या अभ्यासकाला यासाठी वॉशिंग्टनपर्यंत जाण्याचेही कारण नाही. शनिवारवाड्याची सत्ता मावळतीला लागली होती त्या काळात होनाजी-बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांची लावणी बहरली. तिच्यातील विरहिणीचा आकांत शिष्ट अभिरुचीला दीर्घकाळ उथळ आणि उत्तान वाटत राहिला, म. वा. धोंडांच्या ‘मऱ्हाटी लावणी’सारख्या ग्रंथाने तिच्या रचनेकडे गांभीर्याने पाहायला लावले. त्या लावणीत स्त्रीचा विरह पुरुष शाहीर रचत होता. मग तो आकांत कोणाच्या आयुष्यातला? ‘भोगले तेच गायिले’ हा सिद्धान्त येथे निरुत्तर होतो. आकांताची धार मात्र कमी होत नाही. साधारणीकरण म्हणतात ते हेच : भाव व्यक्तीच्या मालकीतून सुटतो आणि रूपाच्या बळावर दुसऱ्याचा होतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. इमोमधील ‘मी’ प्रायः पुरुष असतो, आणि ज्या स्त्रीसाठी तो रडतो तिला त्या गाण्यात आवाज नसतो. जेसिका हॉपर या समीक्षिकेने २००३ मध्ये हे दोषारोपण अत्यंत परखडपणे केले. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु हा आक्षेप कोणाला घेता येतो? गाण्यातील ‘मी’ हा रचलेला आहे, असे मानणाऱ्यालाच. जो त्याला निव्वळ प्रांजळ उद्गार समजतो, तो प्रांजळपणापुढे हात जोडून गप्प बसतो. आणि जो त्याला रडगाणे म्हणून बाजूला सारतो, त्याला तो ऐकूच येत नाही.

प्रश्न एका परदेशी ध्वनिमुद्रिकेपुरता असता, तर एवढा खल अनाठायी ठरला असता. परंतु हीच चूक मराठीत याहून महत्त्वाच्या ठिकाणी झाली आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, तेव्हापासून दलित आत्मकथनांना ‘दाहक’, ‘जिवंत’, ‘अस्सल’ ही विशेषणे मुक्तहस्ताने वाटली गेली. ही स्तुती वरकरणी उदार, पण परिणामी कंजूष होती; तिने अनुभव मान्य केला आणि कर्तृत्व नाकारले. ‘बलुतं’मध्ये दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे असे दोन भाग करून त्यांना समोरासमोर बसवणे, हे केवळ भोगलेले दुःख नव्हे. ती निवेदनाची रचना आहे. ज्यांनी तिला ‘कच्चा अनुभव’ म्हटले, त्यांनी कौतुकाच्या भाषेत लेखकाचे लेखकपण काढून घेतले.

म्हणून विद्यापीठीय अभ्यासात ‘अनघड’ हा शब्द निवाडा म्हणून वापरणे थांबले पाहिजे. तो वर्णनाचा शब्द आहे. त्याच्यापाशी विश्लेषण संपत नाही, सुरू होते. कोठे काय घडवायचे सोडले आणि ते कशाच्या आधारावर सोडता आले, हे दाखवणे समीक्षेचे काम आहे. दुःखाला हसणे सोपे आहे आणि त्याला वंदन करणेही सोपे आहे. ते कसे रचले गेले हे ऐकण्याला मात्र कान तयार करावा लागतो.