हाडं नाहीत, मग रक्तपेशी बनतात कुठे?

मुलांनो, आपल्या रक्तपेशी हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण क्रेफिशच्या अंगात हाडंच नाहीत! क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातला, छोट्या शेवंडीसारखा दिसणारा, खेकडा-कोळंबीचा भाऊबंद. मग त्याच्या रक्तपेशी येतात कुठून? त्याच्या जठराच्या वरच्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. तोच त्यांचा कारखाना!

या पेशी प्राणवायू वाहत नाहीत बरं का. ते काम रक्तात विरघळलेलं, तांबं असलेलं एक प्रथिन करतं. पेशी म्हणजे सैनिक. बुरशी किंवा जंतू आत शिरले, की त्या तुटून पडतात. त्यात पुष्कळशा कामी येतात आणि रक्तातली त्यांची संख्या एकदम घटते. नवी कुमक वेळेवर आली नाही, तर क्रेफिश दगावतो.

ही कुमक मागवतो कोण? स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना २००५ साली त्याचं उत्तर मिळालं. 'अस्टाकीन' नावाचं प्रथिन! त्याचा निरोप पोचला, की कारखान्यात नव्या पेशी भराभर तयार होऊ लागतात.

ताप हटेना, की डॉक्टर आपल्याही पांढऱ्या पेशी मोजायला सांगतात ना? ती आपल्या सैन्याची हजेरीच!