पाळी कुणाची?

परवा नणंदेचा मुलगा हुबळीहून आला. सोबत कॉलेजच्या प्रोजेक्टचं यंत्र. काड्यापेटीपेक्षा थोडं मोठं, पोटात दोन पेन्सिल सेल. मातीतला ओलावा मोजायचा आणि बिनतारी कळवायचा, एवढंच त्याचं काम. बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड तालुक्यात कोरडवाहू शेतीसाठी असा प्रयोग केला होता.

“मामी, खरी अडचण सेलची. शिवारभर फिरून ते बदलणार कोण?”

“मोजायला इतकी वीज लागते?”

“मोजायला थोडीच. जाते ती रेडिओत. गंमत म्हणजे नुसतं कान देऊन बसायलाही जवळपास बोलण्याइतकीच वीज लागते. म्हणून यंत्राला झोपवायचं, ठरल्या वेळी क्षणभर उठवायचं.”

मग त्यानं ‘लीच’ नावाची पद्धत सांगितली. 2000 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी ती मांडली. यंत्रांचे गट करायचे. गटातल्या एकानं सगळ्यांचे निरोप गोळा करून दूरच्या केंद्राला कळवायचे. बाकीच्यांनी आपल्या वेळेला बोलायचं आणि झोपायचं. पण कायम एकच प्रमुख ठेवला, तर आधी तोच संपतो. म्हणून प्रमुखपण फिरतं. एकदा करून झालं की इतरांची पाळी होईपर्यंत त्याला सुट्टी.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

सासूबाई तीन वर्षं अंथरुणाला आहेत. औषधं, डॉक्टर, तिघा भावांचे फोन, सगळं थोरल्या जाऊबाईंकडे. रात्री त्या आडव्या होतात, पण एक कान त्या खोलीकडे. वर सकाळी म्हणायचं, “मी काय केलं? पडून तर होते.” गेल्या महिन्यात चक्कर येऊन मोरीत पडल्या, तेव्हा पुटपुटल्या, “साकाय्तु गं.” विश्रांती घ्या, असं आम्ही सगळेच म्हणालो. पाळी कुणी मागून घेतली नाही.

त्या रात्री मी सासूबाईंच्या खोलीत अंथरूण घातलं.

“तुला जाग येईल काय गं?”

“येईल, अक्का. तुम्ही दार लावून झोपा.”

आता कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्यात, दोघा भावांच्याही. पहिल्या रात्री जाऊबाई दोनदा उठून आल्या. कान मिटायलाही सवय लागते. चौथ्या रात्री मात्र आल्या नाहीत.

वाचकहो, तुमच्या घरी रात्रभर जागा असलेला तो कान कुणाचा आहे, एकदा बघा.