परवाना माणसाला, बंदूक कपाटात!

बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची डिसेंबर २०२४ मध्ये हत्या झाली आणि जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा एकदम चर्चेत आला. बाराशेहून जास्त परवाने! हवेत गोळीबार करणारे, कमरेला पिस्तूल लावून मिरवणारे व्हिडिओ फिरले. मग पडताळणी झाली, अनेकांचे परवाने रद्द झाले. टीव्हीपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत एकच प्रश्न होता, ‘यांना परवाने दिले कुणी?’

प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. परवाना दिल्यानंतर ती बंदूक कुठे राहते, किल्ली कुणाकडे असते, हे कोण बघतं? खरी गोची तिथे आहे.

आधी परवाना मिळतो कसा ते बघू. भारतात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती सशर्त परवानगी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यावर सगळं चालतं. वय २१ पूर्ण हवं. नेमबाजीच्या सरावासाठी मात्र लहान खेळाडूंना सवलत आहे. अर्ज जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे जातो. पोलीस चौकशी करून अहवाल देतात. शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण लागतं. अर्ज नाकारला तर वर अपील करता येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

म्हणजे कागदावर चाळणी बारीक आहे. पण ही चाळणी माणसाची आहे, बंदुकीची नाही.

कपाटाची किल्ली कुणाकडे?

अर्ज करतानाच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. बंदूक रिकामी करून कुलपात, गोळ्या वेगळ्या आणि किल्ली फक्त परवानाधारकाकडे, हा यातला साधा धडा. तो मोडला की काय होतं, हे २०२४ मध्ये मुंबईने दोनदा पाहिलं.

पहिली घटना ८ फेब्रुवारीची. दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर मॉरिस नोरोन्हा याने फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या झाडल्या आणि नंतर स्वतःला संपवलं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार पिस्तूल मॉरिसचं नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाचं होतं. परवाना होता, तोही उत्तर प्रदेशातला. म्हणजे तपासून परवाना दिला एकाला आणि ट्रिगर ओढला दुसऱ्याने.

दुसरी घटना १ ऑक्टोबरची. अभिनेता गोविंदा पहाटे घरातून निघायच्या तयारीत होता. परवानाधारक रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून निसटलं आणि गोळी पायात घुसली, असं सांगण्यात आलं. इथे ना गुंड होता, ना भांडण. होतं फक्त भरलेलं हत्यार.

पहिल्या घटनेत जीव गेला, दुसरीत नशिबाने वाचला. दोन्हीकडे परवाना होता. चुकली ती त्यानंतरची गोष्ट.

आता शिक्षेकडे बघा. आनंदाच्या भरात बेपर्वाईने हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण वेगळी शिक्षा न सांगितलेली परवान्याची एखादी अट मोडली, तर कलम ३० प्रमाणे जास्तीत जास्त सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दोन हजारात आज बरे बूटसुद्धा येत नाहीत! परवाना रद्द होऊ शकतो, हे खरं. पण तो बहुतेक वेळा काहीतरी घडून गेल्यावर.

बाहेरून आणायची तर?

‘परदेशातून भारी पिस्तूल मागवतो’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. सामान्य माणसाला बंदूक आयात करता येत नाही. नामांकित नेमबाजांना सरकारी परवानगीने सूट मिळते. वर्षानुवर्षं परदेशात राहून भारतात स्थायिक व्हायला परतणाऱ्याला तिथे वापरात असलेलं एक शस्त्र आणता येतं, पण त्यालाही इथला परवाना, सीमाशुल्क आणि ते न विकण्याची अट आहे. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफलमध्ये कांस्य जिंकल्यावर अनेकांना नेमबाजीची ओढ लागली. त्यांनी घाबरू नये. क्लबमध्ये सुरुवात होते ती एअर रायफलने आणि ठरावीक क्षमतेच्या आतल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही.

आणि रीलवाल्यांसाठी: परवाना असला तरी सार्वजनिक ठिकाणी बंदूक उघडी मिरवता येत नाही. ती झाकूनच न्यायची असते.

कोकणातला शेतकरी काय म्हणतो?

याला दुसरी बाजू आहे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत अनेक घरांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते. रानडुकरं आणि माकडं बागायतीची नासधूस करतात, म्हणून. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करा, असा निरोप येतो आणि तेवढे दिवस पीक उघड्यावर. सरसकट ‘परवाने बंद करा’ म्हणणाऱ्यांनी या माणसाचा विचार करायला हवा. त्याचा दोष काय?

पण याच निरोपात एक विरोधाभास दडलाय. सरकार बंदूक प्रत्यक्ष बघतं ती मुख्यतः निवडणुकीत आणि नूतनीकरणाच्या वेळी. ब्रिटनमध्ये परवाना देण्याआधी पोलीस घरी येऊन बंदूक ठेवायचं कपाट तपासतात. आपल्याकडे मागणी केल्यावर शस्त्र तपासणीला हजर करणं परवानाधारकावर बंधनकारक आहे. म्हणजे अधिकार आहे, पण त्याची सवय नाही.

त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. पाच वर्षांच्या मुदतीत एकदा तरी, आगाऊ न कळवता, ठाण्यातल्या अधिकाऱ्याने घरी जाऊन तीन गोष्टी बघाव्यात. बंदूक सांगितलेल्या जागी आहे का, गोळ्या वेगळ्या आहेत का, किल्ली कुणाकडे आहे. कोकणातल्या शेतकऱ्याला याचा त्रास होणार नाही, उलट त्याच्यावरचा संशय कमी होईल. आणि ज्याची बंदूक दुसऱ्याच्याच लॉकरमध्ये सापडेल, त्याचा परवाना कुणाचा जीव जाण्याआधी रद्द करता येईल.