मॉड टाकताना घाई करू नका

‘स्कायरिम’ हा गेम २०११ साली आला. लोक आजही त्यात नवेनवे मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले बदल, टाकून तो खेळतात. तुम्हीही हौसेनं टाका. पण दोन मॉड एकाच फाइलला हात घालतात, तेव्हा गोंधळ होतो. पात्रांचे चेहरे काळे पडतात, झाडं घराच्या भिंतीतून उगवतात, कधी गेमच बंद पडतो. महिनाभराचा खेळ वाया जाऊ नये, म्हणून एवढं करा.

आधी सेव्ह फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा. ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय गेम्स’ फोल्डरमध्ये त्या सापडतात.

मॉडच्या फाइल्स थेट गेमच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये ओतू नका. तिथे जुनी फाइल पुसली जाऊन नवी बसते. पुढे काही बिघडलं, तर कुठली फाइल कुणाची हे कळत नाही. स्टीमवरून गेमच्या फाइल्स तपासून घेतल्या तरी मूळच्या तेवढ्या परत येतात, जास्तीच्या तिथेच राहतात. त्यापेक्षा ‘मॉड ऑर्गनायझर २’ हा प्रोग्राम वापरा. तो प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो.

एका वेळी एकच मॉड टाका. गेम सुरू करा, थोडं फिरून बघा. सगळं नीट चाललं, तरच पुढचा घ्या.

मॉड ऑर्गनायझरमधल्या डावीकडच्या यादीत मॉडसमोर विजेची खूण दिसली, तर घाबरू नका. त्या मॉडची एखादी फाइल दुसऱ्या मॉडमध्येही आहे, एवढाच तिचा अर्थ. यादीत जो खाली, त्याची फाइल गेममध्ये दिसते. म्हणून सगळ्या गावाचं रूप बदलणारा मॉड वर ठेवा. तुम्हाला खास हवी असलेली घरं किंवा रस्ते ज्यात आहेत, तो खाली ठेवा.

उजवीकडे प्लगइनची, म्हणजे गेममधल्या नोंदी बदलणाऱ्या मॉडच्या फाइल्सची, यादी असते. तिचा क्रम वेगळा लावावा लागतो. तिथेही खालचाच वरचढ ठरतो. दोन मॉड एकाच पात्राचा चेहरा बदलत असतील, तर दोन्ही याद्यांमध्ये एकच मॉड खाली हवा. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा जिंकला, की चेहरा काळा पडतो.

दोन्ही मॉड हवेच असतील, तर त्यांना जुळवून घेणारा पॅच मिळतो का, ते बघा. तो दोघांच्याही खाली ठेवा. मॉडच्या लेखकानं लिहिलेली माहिती आधी वाचा. बहुतेकदा उत्तर तिथेच असतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षानं पाळा. खेळ अर्ध्यावर असताना मॉड काढू नका. त्यातल्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि ती सेव्ह पुढे दगा देते. काढायचाच असेल, तर तो टाकण्याआधीची सेव्ह उघडा. ती जपून ठेवायची, म्हणूनच पहिलं काम प्रतीचं.