गेटावरचा राखणदार आणला कोणी?



बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत आपल्या पाड्यांच्या आजूबाजूला पालिकेच्या जागा आहेत. तलाव, पाण्याच्या टाक्या, बागा, दवाखाने. गेटावर खुर्ची, काठी, शिट्टी. मोळी घेऊन येणाऱ्या बाईला अडवलं की आपला राग वॉचमनवर निघतो. राग खरा आहे, पण तो गेटावरच थांबला तर फायदा तिसऱ्याचाच. म्हणून तो माणूस तिथं येतो कसा, ते समजून घेऊ.

पालिकेला राखणदार मिळवायच्या वाटा चार. पहिली, स्वतःचं सुरक्षा खातं. तिथला माणूस पालिकेचा कायम नोकर. दुसरी, सुरक्षा रक्षक मंडळ. हमालांनी लढून १९६९ साली माथाडी कायदा घेतला, त्याच धर्तीवर १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांचा कायदा आला. रक्षकाची नोंद मंडळाकडं. काम घेणाऱ्यानं पगार आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा. मधे दलाल नाही. तिसरी, २०१० च्या कायद्यानं झालेलं राज्य सुरक्षा महामंडळ. मार्च २०१७ मध्ये डॉक्टरांवर हल्ले झाले, डॉक्टर कामावर येईनात, तेव्हा रुग्णालयांत त्याचेच जवान आले. चौथी वाट टेंडरची.

टेंडरात ज्याचा भाव कमी त्याला काम. आता तुम्हीच हिशेब करा. किमान वेतन सरकारनं ठरवलेलं. फंडाचा हिस्सा ठरलेला. गणवेश, शिट्टी, बूट सगळ्यांना सारख्याच भावाचे. मग एकाचा भाव दुसऱ्यापेक्षा खाली जातो कुठून? रक्षकाच्याच खिशातून! आठ तासांचा पगार, बारा तास उभा. कागदावर चार माणसं, गेटावर तीन. स्वस्त टेंडर म्हणजे कोणाची तरी बुडालेली मजुरी.

आणि त्या खुर्चीवर पुष्कळदा आपलाच पोरगा असतो. बापाची जमीन गेली, पोरगा दुसऱ्याच्या कुंपणाला पहारा देतो, आणि आपल्याच आईला अडवायचा हुकूम त्याला.

‘तो आमचा नाही, कंत्राटदाराचा’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २०२५ पर्यंत सांगत होता की कंत्राटदारानं पगार बुडवला तर मूळ मालकानं भरावा, आणि पगारवाटपाला मालकाचा माणूस हजर पाहिजे. मुंबईचा कचरा उचलणाऱ्या २,७०० कामगारांना पालिका हेच सांगत होती. कचरा वाहतूक श्रमिक संघ लढला आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला.

आता जमिनीचं बघा. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५) : दाव्याची तपासणी पुरी होईस्तोवर वनजमिनीवरच्या आदिवासीला हुसकता येत नाही. जे मोठ्या साहेबाला करता येत नाही, ते काठीवाल्याला कसं करता येईल? टेंडरात ‘अतिक्रमण रोखणे’ असं लिहून आपला पट्टा पुसता येत नाही. तुळशी तलाव १८७९ चा, विहार १८६० चा. शहर त्यांचं पाणी पितं. त्या डोंगरातले कित्येक पाडे नळाची वाट बघत बसले, आणि पहारा मात्र आपल्यावर!

आमच्या मागण्या साध्या आहेत :

१. दाव्यातल्या जमिनीवर, पाड्याच्या सभेला विचारल्याशिवाय पहारा नको.
२. राखणदार कायम नोकरीत घ्या, नाहीतर मंडळातून घ्या. स्थानिक पोरांना आधी.
३. पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर पगार, हातात पगारपावती.

काम कसं करायचं? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तीन गोष्टी मागा : किती रक्षकांचं बिल निघालं, हजेरीपट कुठाय, पगारवाटपावर कोणत्या अधिकाऱ्याची सही आहे. तोवर प्रत्येक पाड्यानं आपल्या गेटावर खरोखर किती माणसं उभी असतात, कोणत्या पाळीला, ते रोज वहीत लिहून ठेवावं. वॉचमनलाही सांगा, ही वही त्याच्याही कामाची आहे. पुढच्या बैठकीला वही घेऊनच या.

जिंदाबाद!