पिंपातली अळी



मुंबईत जुनी चाळ पाडली की नवे घर मिळेपर्यंत बिऱ्हाड संक्रमण शिबिरात जाते. बोरिवलीच्या मागाठाण्यात माझी भाची तशीच राहत होती. नळाला पाणी ठरावीक वेळी, म्हणून पिंपे भरलेली.

एकदा राष्ट्रीय सेवा योजनेची कॉलेजातली मुले दारी आली. उपदेश न करता त्यांनी पिंपातले पाणी पेल्यात घेऊन वळवळती अळी दाखवली. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला ८ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करायचे. अंडी कडेला चिकटतात, तेव्हा घासून वाळवायचे, मग झाकायचे.

कपाशीवरची अळी मी जन्मभर दाखवत हिंडलो. गावी येऊन स्वतःच्या रांजणात डोकावलो, तर तीच अळी! येत्या रविवारी पोरांच्या हाती बॅटरी देऊन तुमचाही रांजण पाहा. ताप आलाच, तर अंगावर काढू नका.