ओळंब्याचा भरंवसा

गवंडी भिंत उभारूं लागला म्हणजे प्रथम ओळंबा सोडतो. वाड्याच्या दोन टोकांस सोडलेले ओळंबे आपण समांतर मानतों, व तेवढ्यानें घराचें कांहीं बिघडत नाहीं. ओढ सर्वत्र एकाच दिशेस व सारख्याच जोराची असली, म्हणजे त्या क्षेत्रास एकसमान गुरुत्वक्षेत्र म्हणतात. ही कल्पना वाड्यापुरती ठीक. पुढें मात्र ती पुरत नाहीं.

चंद्रपूर व गडचिरोली यांत सरळ रेषेनें सुमारें 75 किलोमीटर अंतर आहे. दोन्ही गांवीं ओळंबे सोडल्यास त्यांच्या दिशांत सुमारें दोन-तृतीयांश अंशाचा फरक पडेल. कारण दोन्ही पृथ्वीच्या मध्याकडे वळलेले. उंचीबरोबर जोरही घटतो. दर मीटरास सुमारें 32 लक्षांत एक भाग. हें विषम क्षेत्र होय. जो जेथें उभा, तो स्वतःस पृथ्वीच्या माथ्यावर समजतो, हें भास्कराचार्यांनीं 1150 सालच्या सिद्धांतशिरोमणींत सांगितलेंच आहे.

शिवाय भूगर्भ सर्वत्र सारखा नाहीं. सुरजागडचा लोहपाषाण साध्या खडकाच्या जवळजवळ दुप्पट जड. अशा राशीजवळ ओळंबा तिच्याकडे किंचित् झुकावयाचाच. हें "किंचित्" किती महत्त्वाचें, तें भारताच्या मोजणींत दिसून आलें. त्या मोजणीचा आद्य प्रवर्तक लँबटन 1823 सालीं शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत, हिंगणघाट येथें वारला. त्याचें काम एव्हरेस्टनें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलें. तेव्हां मध्यप्रदेशांतील कल्याणपूर व दिल्लीच्या उत्तरेकडील कलियाना यांचें अंतर त्रिकोणांनीं एक आलें, व ओळंब्याच्या आधारें तारे वेधून दुसरें. फरक सुमारें 5.24 विकलांचा, म्हणजे 160 मीटरांचा! प्रॅटनें 1855 सालीं हिमालयाची ओढ गणितानें काढली, तों ती या फरकाच्या तिप्पट निघाली. म्हणून पर्वतांच्या तळीं हलकें द्रव्य असलें पाहिजे, असें एअरीनें त्याच वर्षीं अनुमान केलें.

या भेदाचें मर्म आइन्स्टाइनच्या विचारांतून उमगतें. मोकळें पडणाऱ्यास एकसमान ओढ जाणवतच नाहीं. विषमता मात्र लपत नाहीं: शेजारीं शेजारीं सोडलेले दोन दगड पडतां पडतां जवळ येतात, एकावर एक सोडलेले दूर जातात. समुद्राची भरती-ओहोटी ही चंद्र-सूर्यांच्या ओढींतील अशाच विषमतेची करणी.

यास्तव आमची सूचना इतकीच, कीं मुलांस 9.8 हा आंकडा अवश्य पाठ करवावा. परंतु तो कोठवर खरा, हेंही त्याच वेळीं सांगावें.